आधी मोजमाप, मग वीज
पेरुंगुडीजवळच्या पवन संस्थेची वाटचाल

पेरुंगुडी हे नाव मराठी घरांत पोचलं ते आयटी कंपन्यांमुळे. पुण्या-नागपूरहून चेन्नईला नोकरीसाठी गेलेली मुलं 'ऑफिस पेरुंगुडीला आहे' असं सांगतात, तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे ओएमआर रस्त्यावरच्या काचेच्या इमारती येतात. त्या इमारतींची पाठ जिकडे आहे तिकडे पल्लिकरणैची दलदल पसरली आहे. दलदलीच्या काठाला शहराचा जुना कचराडेपो आहे आणि सांडपाणी शुद्ध करणारं केंद्रही आहे. २००६ साली सुरू झालेल्या या केंद्रात दिवसाला ५ कोटी ४० लाख लिटर पाण्याची सोय केली होती. गाळातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवून वीज करायची आणि तिच्यावर केंद्राचेच पंप फिरवायचे, ही तिथली पद्धत. पेरुंगुडीची स्वतःची वीजनिर्मिती म्हणायची तर एवढीच.

विजेच्या नकाशावर या भागाला मान आहे तो दुसऱ्याच कारणाने. महापालिकेच्या पेरुंगुडी विभागातच पल्लिकरणै येतं, आणि तिथे वेळचेरी-तांबरम रस्त्यावर राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे. शेजारी सागरी तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था. वीज विकणं हे पवन संस्थेचं काम नाही आणि ती पवनचक्क्याही बनवत नाही. वारा कुठे, किती आणि किती उंचीवर वाहतो हे मोजणं, चक्की सांगितल्याइतकी वीज देते का हे तपासणं, आणि उद्या वारा किती असेल याचा अंदाज देणं, हे तिचं काम. एखाद्या राज्याच्या विजेचा इतिहास लिहिताना आपण धरणं, धुराडी आणि अणुभट्ट्या मोजतो. तमिळनाडूच्या बाबतीत या मोजणाऱ्या संस्थेची वाटचाल सोडून तो इतिहास पुरा होत नाही.

पाणी, लिग्नाइट, कोळसा, अणू

मद्रास शहरात विजेवरची ट्राम धावली ती ७ मे १८९५ रोजी. मुंबईच्या रस्त्यावर तेव्हा ट्रामला घोडे जुंपलेले होते. शहराला वीज मिळायची ती बेसिन ब्रिजच्या कोळशावरच्या केंद्रातून. प्रांताला वीज मिळाली ती निलगिरीच्या पाण्यातून. पायकारा नदीचं पाणी नऊशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली आणून १९३२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. टाटांच्या खोपोली केंद्रानंतर सतरा वर्षांनी. खोपोलीने मुंबईच्या गिरण्या चालवल्या, पायकाराने कोइंबतूरच्या. शिवाय कोइंबतूरच्या शेतकऱ्यांनी विहिरींवर पंप बसवले, आणि तिथे पंप बनवायचा जो धंदा उभा राहिला तो आजही देशभर माल पाठवतो. पुढे मेट्टूर आणि पापनाशमची जलविद्युत केंद्रं आली.

१ जुलै १९५७ रोजी मद्रास राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं. आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ त्यानंतर तीन वर्षांनी, २० जून १९६० चं. दोन्ही मंडळं १९४८ च्या एकाच कायद्याची लेकरं. नव्या मंडळाने कॅनडाच्या मदतीने कुंदा प्रकल्प पुढे नेला. त्याच काळात केंद्र सरकारच्या कंपनीने दक्षिण अर्काट जिल्ह्यात नेय्वेलीला जमीन खोदायला घेतली. विहीर खणताना तिथे तपकिरी, जळणारी माती लागली होती, ती लिग्नाइट निघाली. कंपनी १९५६ ची, सोव्हिएत मदतीने उभारलेल्या केंद्राचा पहिला संच १९६२ चा.

नंतर कोळशाची रांग लागली. १९७० मध्ये एन्नोर, १९७९ मध्ये तूतुकुडी, १९८७ पासून मेट्टूरचं औष्णिक केंद्र, १९९४ पासून उत्तर चेन्नई. कल्पक्कमची पहिली अणुभट्टी जानेवारी १९८४ मध्ये व्यापारी वीज देऊ लागली. कुडनकुळमचा करार १९८८ चा, पण पहिल्या संचाची वीज ग्रिडला जोडली गेली २०१३ च्या ऑक्टोबरात. मध्ये पाव शतक गेलं आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं मोठं आंदोलन झालं.

या यादीत एक अडचण लपलेली आहे. तमिळनाडूत चांगल्या प्रतीचा दगडी कोळसा नाही. तो ओडिशा-झारखंडकडून रेल्वेने आणि जहाजाने आणायचा किंवा आयात करायचा. जलविद्युतीच्या चांगल्या जागा साठच्या दशकापर्यंत बऱ्याचशा वापरून झाल्या होत्या. कावेरीच्या पाण्यावर वरच्या राज्याशी भांडण. अशा राज्याला जे घरचं आणि फुकट होतं, ते म्हणजे वारा. तमिळमध्ये म्हणच आहे की आडी महिन्याच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडून जातो. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ. म्हण खरी असली तरी तिच्यावर बँक कर्ज देत नाही. त्यासाठी आकडा लागतो.

सिमला ऑफिसचा धागा

तो आकडा काढण्याची सुरुवात पुण्यातून होते. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, कारण खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं होतं. त्या इमारतीत १९४८ साली अ‍ॅना मणी नोकरीला लागल्या. जन्म त्रावणकोरमधला, १९१८ चा. शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. पुढे बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम. हवामानाची साधी उपकरणंसुद्धा तेव्हा परदेशातून यायची. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं तयार केली आणि ती इथे बनायला लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सूर्याची किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं.

१९७६ मध्ये त्या खात्यातून निवृत्त झाल्या आणि त्यांचं दुसरं काम सुरू झालं. तेलाच्या किमती भडकलेल्या होत्या, पर्यायी ऊर्जेचा शोध जगभर चालू होता. हवामान खात्याकडे वाऱ्याच्या नोंदी भरपूर होत्या, पण त्या हवामानाच्या कामाच्या. बहुतेक वेधशाळा गावात, झाडांच्या आणि घरांच्या सोबतीला, आणि यंत्र दहा मीटर उंचीवर. वीज करायची तर उघड्या माळावर आणि त्याहून उंच ठिकाणी मोजायला हवं होतं. १९८३ मध्ये भारतातल्या वाऱ्याच्या आकडेवारीचा ग्रंथ निघाला, त्याच्या लेखकांत मणी होत्या. त्यानंतर पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेचं एक क्षेत्र संशोधन पथक बंगळुरूला बसून देशभर वारा मोजणारे उंच खांब, म्हणजे मास्ट, उभारू लागलं. कुठे घाट, कुठे किनारा, कुठे ओसाड पठार. सुरुवातीचे मास्ट वीस-पंचवीस मीटरचे. मणींच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या कामातूनच पुढच्या संस्थेचा पाया घातला गेला.

नकाशावर एक गोष्ट लगेच उठून दिसली. सह्याद्रीची भिंत दक्षिणेत काही ठिकाणी तुटलेली आहे. पालघाटची खिंड तीसेक किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेला सेंगोट्टई, आणि अगदी टोकाला आरल्वायमोळी. नैऋत्य मोसमी वारा केरळात पाऊस टाकतो आणि हलका होऊन या फटींतून पूर्वेकडे सुटतो. अरुंद तोंडातून निघाल्यामुळे त्याचा वेग वाढतो. ज्या वाऱ्याने कोकणात भातलावणी होते, त्याचाच भाऊबंद तिरुनेलवेलीच्या कोरड्या माळावर ताडांना वाकवत असतो.

तीन किनारे

१९८६ मध्ये केंद्र सरकारने प्रात्यक्षिक म्हणून तीन किनाऱ्यांवर पवनचक्क्या उभ्या केल्या: गुजरातेत ओखा, महाराष्ट्रात रत्नागिरी आणि तमिळनाडूत तूतुकुडी. यंत्रं डेन्मार्कची, प्रत्येकी ५५ किलोवॅटची. आजच्या तीन मेगावॅटच्या एका चक्कीत अशा चोपन्न मावतील. शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली, पण पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कोकणात देवगडच्या टेकडीवर चक्क्या आल्या, त्या विजेपेक्षा सहलीसाठी जास्त गाजल्या. महाराष्ट्रातला पवन उद्योग किनारा सोडून घाटमाथ्यावर चढला. पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावरच्या उंच पठारावर, वांकुसावड्याला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुझलॉनचं मोठं पवन क्षेत्र उभं राहू लागलं. मग सांगली, धुळे.

तमिळनाडूत मंडळाने १९९३ पर्यंत स्वतः सुमारे १९ मेगावॅटच्या चक्क्या लावल्या आणि लोकांना दाखवलं की हे जमतं. खरी गर्दी झाली ती त्यानंतर, आणि ती केली गिरणीमालकांनी. कोइंबतूर-तिरुपूरच्या सूतगिरण्यांना विजेचं बिल जड जात होतं. चक्की आरल्वायमोळीजवळच्या मुप्पंदलला लावायची, वीज मंडळाच्या तारांत सोडायची, आणि तेवढी वीज शेकडो किलोमीटरवरच्या गिरणीत वापरायची. वाऱ्याच्या दिवसांत जास्तीची वीज मंडळाच्या खात्यात जमा ठेवायची, उरलेल्या महिन्यांत काढून घ्यायची. वर आयकरात पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा. हिशेबनिसांना याहून गोड गोष्ट ठाऊक नव्हती.

इथेच गाडी घसरली. कर वाचवायचा असेल तर चक्की ३१ मार्चच्या आत उभी राहिली की झालं, ती फिरते किती हा प्रश्न दुय्यम ठरतो. १९९५-९६ मध्ये चक्क्यांची विक्री शिगेला पोचली. काही यंत्रं युरोपच्या गार, एकसारख्या वाऱ्यासाठी घडवलेली होती. इथली धूळ, उष्णता आणि खेडेगावच्या तारांतला वरखाली होणारा दाब त्यांना सोसला नाही. काही चक्क्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या की पुढचीच्या पात्यांनी ढवळलेली हवा मागचीच्या वाट्याला यायची. कंपन्यांवर किमान कर लागू झाला, व्याजदर वाढले, आणि तेजी जशी आली तशी ओसरली. उद्योगातल्या सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली: यंत्र कोणतं चालतं आणि जागा कोणती धरते, हे विकणाऱ्याने सांगून भागणार नाही. ते सांगणारं तिसरं कुणीतरी हवं.

१९९८: तिसरं कुणीतरी

ते 'तिसरं कुणीतरी' २१ मार्च १९९८ रोजी चेन्नईत स्थापन झालं. नाव पवन ऊर्जा तंत्रज्ञान केंद्र, इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे 'सी-वेट' म्हणायचे. अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्वायत्त संस्था. चाचणी केंद्रासाठी डेन्मार्क सरकारच्या 'डॅनिडा'ने पैसा आणि तांत्रिक मदत दिली. बंगळुरूच्या पथकाचं वारा मोजण्याचं काम, नोंदींसकट, तिच्याकडे आलं. २०१४ च्या सुमारास तिला राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था हे आजचं नाव मिळालं.

संस्थेचं बरंचसं काम एका मास्टभोवती फिरतं, म्हणून तो जवळून पाहायला हवा. माळावर लोखंडाचा बारीक खांब उभा असतो, चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला. ठरावीक उंच्यांवर त्यातून आडव्या दांड्या बाहेर निघतात. दांडीच्या टोकाला तीन वाट्यांचं ॲनिमोमीटर, जवळ दिशा दाखवणारं पान. दांडी वाऱ्याच्या मुख्य दिशेचा विचार करून लावतात, नाहीतर खांबाच्या आडोशामुळे वेग कमी भरतो. खाली पेटीत नोंद ठेवणारं लॉगर. वाटी दर क्षणी फिरत असते, लॉगर दहा-दहा मिनिटांची सरासरी लिहून ठेवतं. तासाला सहा नोंदी, दिवसाला १४४, वर्षाला बावन्न हजारांहून जास्त. वर्षभर तरी हे चाललं पाहिजे, कारण आडीतला वारा आणि पौषातला वारा यांची गाठ घातल्याशिवाय जागेचा स्वभाव कळत नाही. सोबत तापमान आणि हवेचा दाब, कारण गरम, विरळ हवा तेवढ्याच वेगाने वाहिली तरी पात्याला कमी ढकलते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटरचा वारा ६ मीटर झाला तर वेग फक्त वीस टक्के वाढतो, ताकद मात्र ७३ टक्के. उलट बाजूने पाहा: ॲनिमोमीटर दहा टक्के चुकलं तर वाऱ्यातल्या ऊर्जेचा हिशेब तेहतीस टक्क्यांनी फसतो. ज्या प्रकल्पाचं कर्ज फेडायला दहा-बारा वर्षं लागतात, तिथे तेहतीस टक्के म्हणजे फायदा आणि दिवाळं यांतलं अंतर. म्हणून मास्टवर चढवण्याआधी ॲनिमोमीटर वातबोगद्यात तपासून घेतात.

चांगली जागा कोणती, यालाही मग एक मोजपट्टी आली. पन्नास मीटर उंचीवर वर्षाची सरासरी काढून दर चौरस मीटरमागे २०० वॅट ताकद मिळाली तर जागा प्रकल्पाला योग्य. चक्क्या उंच झाल्यावर पुढे ही अट सोडून दिली, पण कितीतरी वर्षं घाटमाथ्यावरच्या आणि माळावरच्या जमिनीचा भाव या एका आकड्याने ठरवला. देशभर मास्ट वाढत वाढत नऊशेच्या वर गेले. राज्यांच्या ऊर्जा विकास संस्था, आपल्याकडची 'महाऊर्जा' त्यांतलीच, या कामात हाताशी होत्या.

कयत्तारची परीक्षा

तिरुनेलवेलीहून मदुराईकडे निघालं की महामार्गावर कयत्तार लागतं. तमिळ माणसाला हे गाव माहीत असतं ते वीरपांडिय कट्टबोम्मनमुळे. १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला इथे फाशी दिलं. पवन उद्योगाला ते माहीत आहे चाचणी केंद्रामुळे. आसपास सपाट, उघडा माळ आणि हंगामात जोरकस वारा. परीक्षा घ्यायला अशीच जागा हवी.

कंपनी आपल्या चक्कीचा एक आलेख देते. वारा सेकंदाला तीन-चार मीटर झाला की वीज सुरू, बाराच्या आसपास पूर्ण क्षमता, पंचविसाच्या पुढे यंत्र स्वतःला थांबवणार. या आलेखावर बँकेचा, गिऱ्हाइकाचा आणि मंडळाचा, सगळ्यांचा हिशेब बसलेला असतो. तो खरा की कागदी, हे तपासायला चक्कीच्या पुढे, वारा येतो त्या बाजूला, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर मास्ट उभा करतात. जवळ असला तर चक्की त्याच्यापर्यंतची हवा अडवते, लांब असला तर दोघांचा वारा वेगळा होतो. मग महिनोन्महिने दोन्हीकडच्या नोंदी जोडीने घ्यायच्या. सोबत पात्यांच्या मुळाशी आणि मनोऱ्यावर पडणारा ताण, वाऱ्याकडे तोंड वळवण्याची चपळाई, अचानक वीज गेली तर ब्रेक लागतो का, हेही पाहायचं.

भारतासाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची पद्धतही इथूनच आली. परदेशी प्रमाणपत्र असलेल्या यंत्राला इथल्या हवेच्या, इथल्या ग्रिडच्या अटी लावून पाहायच्या. कोणती मॉडेलं देशात लावायला मान्य आहेत त्याची यादी बरीच वर्षं ही संस्था प्रसिद्ध करत होती. यादीत नाव नाही तर ग्रिडला जोडणी नाही. नव्वदच्या दशकात ज्या तक्रारींवरून सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता, त्या कमी व्हायला या कंटाळवाण्या कागदपत्रांचा मोठा वाटा आहे. कर वाचवायला चक्की लावणं लगेच थांबलं असं नाही, पण लावलेली चक्की फिरेल याची खात्री वाढली.

मोजण्याची उंची

२०१० साली संस्थेने डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेबरोबर भारताचा पवन नकाशा प्रसिद्ध केला. पन्नास मीटर उंचीवर देशाची क्षमता ४९ गिगावॅट. त्यात तमिळनाडूचा वाटा ५,३७४ मेगावॅट, महाराष्ट्राचा ५,४३९. म्हणजे कागदावर दोन्ही राज्यं बरोबरीची.

गंमत अशी की दोन वर्षांत तमिळनाडूने स्वतःची कमाल क्षमता ओलांडली. मार्च २०१२ पर्यंत राज्यात प्रत्यक्ष उभ्या चक्क्याच सात हजार मेगावॅटच्या आसपास होत्या. हिशेब चुकला होता का? हिशेबाची गृहीतकं जुनी होती. पन्नास मीटर उंची आणि उपलब्ध जमीन दोन टक्के धरली होती. चक्क्या मात्र तोवर सत्तर-ऐंशी मीटरवर गेल्या होत्या आणि तिरुनेलवेली-कन्याकुमारीच्या पट्ट्यात दोन टक्क्यांच्या कितीतरी पुढे जमीन व्यापली गेली होती.

मग मोजमाप वर सरकत गेलं. ऐंशी मीटरवर देशाचा आकडा १०३ गिगावॅटवर गेला. शंभर मीटरसाठी संस्थेने सात राज्यांत ७५ ठिकाणी शंभर मीटरचे मास्ट उभे करून पडताळा घेतला, आणि आकडा आला ३०२ गिगावॅट. एकशेवीस मीटरवर ६९५, दीडशेवर ११६४. वारा वाढलेला नाही. वर गेल्यावर झाडं-घरांचा अडथळा सुटतो आणि वेग वाढतो, हे एक कारण. दुसरं कारण जमिनीच्या हिशेबात आहे. नव्या पाहणीत नकाशावरची प्रत्येक जमीन प्रतवार लावली. ओसाड जमिनीचा ८० टक्के भाग धरला, लागवडीखालच्या जमिनीचा ३० टक्के, जंगलाचा ५ टक्के. सरसकट दोन टक्क्यांपेक्षा हा हिशेब जास्त खरा आहे, पण तो उदारही आहे. लागवडीखालच्या तीस टक्क्यांत कुणाचं तरी शेत, कुणाची तरी वाट आणि गावाची ना-हरकत असते.

महाराष्ट्राला या बदलत्या उंचीचा फायदा तमिळनाडूपेक्षा जास्त झाला. दीडशे मीटरवर महाराष्ट्राची क्षमता १७३ गिगावॅटच्या पुढे, तमिळनाडूची ९५. तरी तमिळनाडूत प्रत्यक्ष उभ्या चक्क्या अकरा हजार मेगावॅटच्या वर आहेत आणि महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. क्षमता ही शक्यता असते. तिची वीज व्हायला खिंडीतला वारा, गिरणीमालकाची गरज, मंडळाचं धोरण आणि वेळेवर आलेल्या तारा एका ठिकाणी याव्या लागतात.

उद्याचा वारा

२००८ पासून पाच-सहा वर्षं तमिळनाडूने भारनियमनाचे हाल सोसले. चेन्नईला दोन तास, तर बाहेरच्या जिल्ह्यांत दिवसाचा मोठा भाग अंधारात. त्या काळात लोकांना वाऱ्याचा हंगाम कळू लागला. मे-जूनमध्ये चक्क्या फिरू लागल्या की भारनियमन सैल व्हायचं, ऑक्टोबरात वारा पडला की पुन्हा आवळलं जायचं. वाऱ्याची वीज आपल्या लहरीने येते. सकाळी हजार मेगावॅट, संध्याकाळी चार हजार. कोळशाचा संच असा घटकेत खाली-वर होत नाही. आधी कळलं नाही तर एकतर चक्क्या थांबवायला सांगायच्या, नाहीतर ऐन वेळी महाग वीज विकत घ्यायची.

२०१५ च्या सुमारास संस्थेने चक्कीमालकांच्या संघटनेबरोबर तमिळनाडूसाठी पवन विजेचे अंदाज द्यायला सुरुवात केली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग, प्रत्येकासाठी एक आकडा. हवामानाचं गणिती प्रारूप वरून वारा सांगतं, पण कोणत्या खिंडीत तो किती वेगाने घुसेल हे ठरवायला कित्येक वर्षांच्या जुन्या नोंदी आणि उपकेंद्रांवरून येणारे ताजे आकडे लागतात. म्हणजे ज्या मास्टवरून एकदा जागा निवडली, त्याच्याच वह्या आता रोजच्या ग्रिडच्या कामाला आल्या.

सूर्याचंही तसंच झालं. २०११ पासून संस्थेने सौर किरणं मोजणारी केंद्रं उभारली, पहिल्या टप्प्यात ५१. सूर्यामागे फिरणारं यंत्र, थेट येणारी आणि आकाशातून पसरून येणारी किरणं वेगवेगळी मोजणारी उपकरणं. अ‍ॅना मणींनी पन्नासच्या दशकात जे जाळं विणलं, त्याचाच हा नवा अवतार.

समुद्र आणि जुन्या चक्क्या

पुढचा टप्पा समुद्रातला. २०१५ च्या सागरी पवन धोरणात ही संस्था मुख्य यंत्रणा ठरली. २०१७ च्या नोव्हेंबरात खंबातच्या आखातात लेझरच्या किरणांनी वारा मोजणारं लायडार बसवलं. तमिळनाडूकडे मन्नारचं आखात आहे, तिथे समुद्रावरचा वारा देशात सर्वांत चांगल्यांपैकी मानला जातो. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांची मदत मंजूर केली. पण हे लिहीपर्यंत भारताच्या समुद्रात विजेसाठी एकही पातं फिरलेलं नाही. खर्च मोठा, जहाजं विशेष लागतात आणि वीज कोण कोणत्या दराने घेणार हे ठरायचं आहे.

जमिनीवरचं काम त्यामानाने स्वस्त आहे आणि राहून गेलेलंही. मुप्पंदल-आरल्वायमोळीच्या सर्वांत चांगल्या वाऱ्यात नव्वदच्या दशकातल्या अडीचशे-पाचशे किलोवॅटच्या बुटक्या चक्क्या अजून उभ्या आहेत. त्या जागी मोठ्या चक्क्या लावल्या तर देशात पंचवीस गिगावॅटची भर पडू शकते, असा संस्थेचाच अंदाज. राज्याने २०२४ मध्ये त्यासाठी धोरण आणलं, पण मालक कुरकुरतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही. एका मोठ्या चक्कीच्या जागेत पाच-सहा मालकांच्या जुन्या चक्क्या येतात. ज्या चक्कीचं कर्ज केव्हाच फिटलं आणि जी अजून गिरणीचं बिल वाचवते, ती कोण सहजासहजी पाडेल?

मंडळही तोवर बदललं. १ नोव्हेंबर २०१० रोजी त्याच्या कंपन्या झाल्या, २०२४ मध्ये निर्मिती कंपनी पुन्हा फोडून हरित ऊर्जेसाठी वेगळं महामंडळ केलं. एन्नोरचं जुनं केंद्र २०१७ मध्ये बंद झालं, उत्तर चेन्नईला ८०० मेगावॅटचा नवा संच आला, कल्पक्कमच्या प्रजनक अणुभट्टीचा गाभा भरायला मार्च २०२४ मध्ये सुरुवात झाली. निलगिरीत कुंदाला पाणी वर-खाली करून वीज साठवण्याचं काम चालू आहे, म्हणजे आडीतली रात्रीची वीज संध्याकाळच्या गर्दीसाठी राखता येईल.

या सगळ्यात पल्लिकरणैच्या संस्थेचा वाटा मेगावॅटमध्ये सांगता येत नाही. १९९५-९६ मध्ये आधी चक्की आणि मग मोजणी असा उलटा क्रम लागला, आणि त्याची किंमत उद्योगाने पुढची कितीतरी वर्षं मोजली. समुद्रात मात्र चक्कीच्या आधी लायडार गेलं. तिथे उशीर होतोय ही तक्रार रास्त आहे, पण उशिराचं कारण पैसा आणि दर आहे, मोजमाप नाही. जुन्या चक्क्यांच्या जागी नव्या लावायच्या प्रश्नालाही याच पद्धतीने भिडावं लागेल: कोणत्या मालकाच्या वाट्याला किती वारा होता आणि नव्या यंत्रात त्याला किती मिळेल, हे सर्वांना पटेल असं कुणीतरी मोजून द्यायला हवं. कित्येक वर्षांच्या नोंदी असलेली, कुणालाही चक्की विकत नसलेली संस्था हे करू शकते. राज्याने तिला त्या कामाला लावायला हवं.